गरम पाण्याचा हिशेब कोणी मांडायचा?

मागच्या जानेवारीत दिघ्यात आमच्या गल्लीतल्या बायकांची बैठक होती. विषय रेशनकार्डांचा होता. एक मैत्रीण उशिरा आली आणि पदर गालावर ओढून मागे बसली. बैठक संपल्यावर चार जणी उरलो तेव्हा पदर बाजूला झाला. गालावर बोटांचे वळ होते. आधी ती "काही नाही" म्हणाली. मग म्हणाली, "लाईटबिल आलं ताई. दुपटीहून जास्त. रॉड कोण लावतं, असं विचारलं आणि ठेवून दिली."

रॉड तीच लावत होती. सासूचे गुडघे धरतात म्हणून, सकाळच्या शाळेला जाणाऱ्या दोन पोरांसाठी, आणि रात्रपाळी करून येणाऱ्या त्याच नवऱ्याच्या अंघोळीसाठी. मी विचारलं, "आणि तुझ्यासाठी?" ती हसली. "मला कुठं वेळ असतो? माझी अंघोळ गार पाण्यानंच."

मैत्रिणींनो, हिंसेबद्दल आपण पुष्कळ बोललो आहोत. मारणाऱ्याला निमित्त लागत नाही, हे आपण एकमेकींना शेकडो वेळा सांगितले आहे आणि ते खरेच आहे. तरी त्या दिवशी माझ्या डोक्यात वेगळाच प्रश्न घोळत राहिला. तिच्या घरात त्या बिलाचा हिशेब कोणालाच येत नव्हता. बिल दुप्पट का झाले हे तिला माहीत नव्हते आणि त्यालाही माहीत नव्हते. फरक इतकाच की न कळलेल्या हिशेबाची शिक्षा तिला झाली. म्हणून हा लेख गरम पाण्याच्या खर्चावर आहे. कोणाला हा विषय किरकोळ वाटेल. त्यांनी १९७२ साल आठवावे. त्या वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका एकत्र आल्या आणि हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. तेल, साखर, रॉकेल हेच तर त्यांचे विषय होते. चूल कशाने पेटते आणि तिला किती पैसे लागतात, हा बाईच्या राजकारणाचा प्रश्न आहे हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिले.

थंड देशांत घर गरम ठेवण्याचा खर्च हा मोठा प्रश्न असतो. आपल्याकडे घर तापवावे लागत नाही, पाणी तापवावे लागते. दिघा पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे नळाचे पाणी चांगलेच गार असते. आणि थंडी नसली तरी गरम पाणी लागतेच. बाळंतिणीला लागते, तान्ह्याला लागते, पाळीच्या दिवसांत कंबर धरली की लागते, म्हाताऱ्या माणसांना बारा महिने लागते. ते चैनीत मोडत नाही.

आता हिशेब मांडू. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते, हे शाळेत शिकलेले. वीस लिटरची एक बादली वीस अंशांनी तापवायची तर ४०० किलोकॅलरी लागतील. विजेचे एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. म्हणजे रॉडने एक बादली तापवायला, थोडी उष्णता वाया जाते ती धरून, साधारण अर्धे युनिट लागते. पाच माणसांच्या घरात रोज पाच बादल्या, महिन्याला दीडशे. म्हणजे रॉडची ७५ युनिटे.

आता बिलाकडे पाहा. महावितरणच्या २०२४-२५ च्या घरगुती दरांत पहिल्या १०० युनिटांना वहन आकार धरून ५ रुपये ८८ पैसे पडत होते. १०१ ते ३०० युनिटांना ११ रुपये ४६ पैसे. वर १६ टक्के वीज शुल्क. हे आकडे दर वर्षी हलतात, ही पायरी मात्र राहते. आमच्या या मैत्रिणीचे घर एरवी ८० युनिटांत भागते. रॉडच्या ७५ युनिटांपैकी २० युनिटे खालच्या पायरीवर बसली आणि ५५ युनिटे जवळजवळ दुप्पट दराच्या वरच्या पायरीवर गेली. सगळी खालच्या दराने लागली असती तर शुल्कासह ५१२ रुपये झाले असते. झाले ८६८. म्हणजे बादलीला पावणेसहा रुपयांपेक्षाही थोडे जास्त. तिने उधळपट्टी केली नव्हती. एका घराचा वापर पायरी ओलांडून पलीकडे गेला, एवढेच झाले होते.

तेच पाणी गॅसवर तापवले तर? झाकण ठेवलेल्या पातेल्यात, बऱ्यापैकी चांगल्या शेगडीवर, एका बादलीला साधारण ६० ग्रॅम गॅस लागतो. दीडशे बादल्यांना नऊ किलो, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरचा पाऊण हिस्साही नाही. एप्रिल २०२५ मध्ये ५० रुपयांची वाढ होऊन मुंबईत सिलिंडर ८५२ रुपये ५० पैशांना झाला. त्या भावाने महिन्याचे ५४० रुपये होतात, बादलीला साडेतीन रुपयांच्या थोडे वर. उज्ज्वला योजनेतले ३०० रुपयांचे अनुदान मिळत असेल तर ३५० रुपये. म्हणजे आमच्या मैत्रिणीला रॉडपेक्षा गॅस स्वस्त पडला असता. मग तिने गॅस का वापरला नाही? कारण सकाळी त्याच शेगडीवर डबे करायचे असतात. शेगडी एक, सिलिंडर एक, तो संपला तर पुढचा आणायला सगळे पैसे एकदम हवेत. विजेचे पैसे महिन्याने मागतात, गॅसचे आधी मोजावे लागतात. गरिबाच्या घरात स्वस्त काय यापेक्षा आज खिशात काय आहे यावर निवड होते.

चूल आणि बंब यांचा हिशेब पैशांत शून्य दिसतो. आमच्या वरच्या पाड्यांमध्ये अजून कितीतरी घरांपुढे तीन दगडांवर पाणी तापते. कारखान्यांच्या खोक्यांच्या फळ्या, बांधकामावरच्या ढलप्या, डोंगरावरच्या काटक्या, आणि पेटवायला प्लास्टिकच्या पिशव्या. साध्या चुलीत लाकडाची बहुतेक उष्णता हवेत जाते, पातेल्याला जेमतेम आठवा-दहावा हिस्सा मिळतो. एका बादलीला पाऊण ते एक किलो लाकूड जाते. महिन्याच्या दीडशे बादल्यांना सव्वाशे किलोच्या आसपास. हे सव्वाशे किलो कोणाच्या डोक्यावरून येते? तो धूर कोणाच्या छातीत जातो? हा खर्च कुठल्याच बिलावर छापून येत नाही, म्हणून घरातला पुरुष म्हणतो, "चुलीवर फुकट होतं की."

इथे रॉकेलचीही आठवण काढली पाहिजे. आपल्यातल्या ज्या चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या आहेत त्यांनी रॉकेलच्या रांगा पाहिल्या आहेत. आणि वर्तमानपत्रातली ती एक ओळही वाचली आहे, 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू'. सासरी नेमका सुनेच्याच हातात स्टोव्ह कसा भडकतो, हा प्रश्न स्त्री चळवळीने विचारला. १९८३ मध्ये ४९८अ आले, १९८६ मध्ये हुंडाबळीचे ३०४ब कलम आले, ते त्या प्रश्नातूनच. पुढे रेशनचे रॉकेल आटत गेले आणि २०२१ पर्यंत केंद्राचे अनुदानही संपले. स्टोव्ह माळ्यावर गेला. पण पाणी तापवण्याचा धोका गेला नाही, त्याने रूप बदलले. अर्थिंग नसलेल्या खोलीत लोखंडी बादलीत सोडलेला रॉड, आणि चालू आहे की बंद हे न पाहता पाण्यात घातलेला हात. खिडकी नसलेल्या मोरीत लावलेला गॅसचा गिझर, ज्यातला कार्बन मोनॉक्साइड वास न देता माणूस मारतो. उकळत्या पाण्याचे पातेले दोन फडक्यांनी धरून चिंचोळ्या खोलीतून नेणारी बाई आणि पायात घोटाळणारे मूल. हे सगळे चालू खर्चच आहेत.

आता नव्या यंत्राकडे येऊ. मोठ्या हॉटेलांत, वसतिगृहांत, इस्पितळांत हल्ली हीट पंपावर पाणी तापवतात. हे काय असते? आपल्या फ्रिजच्या मागे किंवा बाजूला हात लावून पाहा, गरम लागते. फ्रिज आतली उष्णता ओढून बाहेर टाकतो. हीट पंप हेच काम उलटे करतो. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून टाकीतल्या पाण्यात घालतो. वीज फक्त ओढण्याच्या कामाला लागते. म्हणून एका युनिटात साधारण तीन युनिटांएवढी उष्णता मिळते, आणि आपली हवा उबदार असल्यामुळे त्याला थंड देशांपेक्षा इथे काम सोपे जाते. आमच्या मैत्रिणीच्या ७५ युनिटांच्या जागी २५ युनिटे लागली असती. त्यातली २० खालच्या पायरीवरच राहिली असती. महिन्याचा खर्च ८६८ ऐवजी २०३ रुपये, बादलीला एक रुपया पस्तीस पैसे. सौर बंबाला तर उन्हाच्या दिवसांत चालू खर्च जवळजवळ नाहीच, फक्त पावसाळ्यात दुसरी सोय हवी.

मग प्रश्न मिटला का? इथेच गोम आहे. एका मैत्रिणीची भाची ब्रिटनमध्ये नर्स आहे. तिकडे सरकार हीट पंप बसवायला साडेसात हजार पौंड देते. ही भाची म्हणाली, "मावशी, बसवून बिल कमी होईलच असं नाही." मला आश्चर्य वाटले, मग हिशेब केला. तिकडे २०२५ मध्ये विजेचे युनिट २५ ते २७ पेन्सला आणि गॅसचे सहा ते सात पेन्सला होते. वीज गॅसच्या चौपट महाग आणि यंत्र देते तिप्पट, मग बचत कुठून होणार? यंत्र चौपटीच्या जवळपास देऊ लागले तरच गॅसवर मात होते. उलट नॉर्वेत, जिथे वीज पाण्यावर तयार होते आणि घरोघरी गॅसची नळी नाही, तिथे निम्म्याहून जास्त घरांत हीट पंप आहेत. यंत्र तेच, बिल वेगळे. एका युनिटात किती उष्णता मिळते हे निसर्गाचे नियम ठरवतात. त्या उष्णतेला किती पैसे पडतात हे मात्र माणसे ठरवतात, कार्यालयांत बसून, सुनावण्या घेऊन. आणि त्या सुनावण्यांना दिघ्यातली बाई क्वचितच पोहोचते.

आता दिघ्यात या. घरगुती हीट पंपाला पाऊण लाख रुपये धरा. महिन्याला ६६५ रुपये वाचले, तेही बारा महिने रोज पाच बादल्या तापवल्या असे धरून, तर पैसे फिटायला नऊ वर्षांहून जास्त लागतात. पाऊण लाख आणायचे कुठून? आणि बसवायचे कुठे? दहा बाय बाराच्या खोलीत टाकी ठेवायला जागा नाही. सौर बंबाला छप्पर स्वतःचे हवे. छप्पर कोणाचे, याची तर इथे कायमची धास्ती. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दिघ्यात बेकायदा ठरलेल्या इमारतींवर हातोडा पडू लागला. यादीत ९९ इमारती होत्या. आयुष्याची पुंजी घालून घेतलेली घरे गेली, बायका पोरांना घेऊन रस्त्यावर बसल्या. ज्या भिंतीवर उद्या हातोडा पडेल तिच्यावर नऊ वर्षांत फिटणारे यंत्र कोण बसवील? २०२४ च्या जानेवारीत दिघा गाव स्टेशन सुरू झाले. गाडी थांबू लागली, त्याचा आनंद आहेच. पण स्टेशन आल्यावर भाडी वाढतात, हेही आम्ही जाणतो.

भाडेकरणीची गत आणखी वाईट. तिच्या नावावर मीटर नाही. घरमालक पोटमीटर लावतो आणि युनिटला एकच दर घेतो. आमच्या गल्लीत तो बारा रुपये आहे. तिला पहिली स्वस्त १०० युनिटे कधी मिळतच नाहीत. तिच्या ७५ युनिटांचे ९०० रुपये होतात. म्हणजे ज्या बाईकडे सर्वांत कमी आहे तिची बादली सर्वांत महाग, सहा रुपयांना. आणि ज्याच्याकडे छप्पर, कागद, भांडवल सगळे आहे त्याची बादली रुपया-सव्वा रुपयाला. कमी खर्चाचे यंत्र आहे. त्याच्या दारावर मात्र मालकीचा पहारा आहे.

यावर आमच्याच काही कार्यकर्त्या मैत्रिणी म्हणतात, "इथे पिण्याच्या पाण्याची मारामार आणि तू गरम पाण्याचं काय घेऊन बसलीस?" आक्षेप खरा आहे. हंडाभर पाण्यासाठी रात्री उठणाऱ्या बाया दिघ्यात आजही आहेत. पण पाणी भरणे आणि पाणी तापवणे ही एकाच बाईची एकाच पहाटेची कामे आहेत. एकाला प्रश्न म्हणायचे आणि दुसऱ्याला तिचे कर्तव्य, ही वाटणी आपण का मान्य करावी? सरकारनेच केलेल्या २०२४ च्या वेळेच्या वापराच्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसातला बिनपगारी घरकामाचा वेळ सरासरी २८९ मिनिटे निघाला, पुरुषांचा ८८. त्या २८९ मिनिटांत ही पाच पातेली आहेत.

दुसऱ्या काही जणी म्हणतात, "यंत्र आलं की बाई सुटेल." याच्याशीही मी पूर्ण सहमत नाही. मिक्सर आला, चटणी बाईच वाटते. उद्या भिंतीवर हीट पंप बसला तरी शेवटची बादली कोणाची, हा प्रश्न उरेल. आमच्या बैठकीत मी नंतर विचारून पाहिले की तुमच्या घरात अंघोळीचा क्रम काय? नवरा, सासरा, मुलगे, सासू, मुली, आणि शेवटी ती. बावीस बायकांपैकी सतरा जणी म्हणाल्या की आपण गार पाण्याने किंवा उरलेल्या कोमट पाण्याने अंघोळ करतो. एक म्हणाली, "बाळंतपणातले दीड महिने तेवढे गरम पाणी मिळाले, ते पण आईकडे." वीज तिच्या हातून जळते, बिलाची शिक्षा तिला होते, आणि ऊब मात्र तिच्या वाट्याला येत नाही. चालू खर्चाचा कुठलाही तक्ता हे दाखवत नाही.

मग करायचे काय? मला चार गोष्टी सुचतात, त्यावर आपल्या गटांनी चर्चा करावी.

पहिली, हिशेब आपण शिकू या. प्रत्येक बचतगटाच्या एका बैठकीत सगळ्यांनी आपापले बिल आणायचे, १०० युनिटांची पायरी कुठे ओलांडली ते लाल पेनाने खूण करायचे. रॉड किती मिनिटे लावला ते महिनाभर वहीत लिहायचे. ज्या बाईच्या हातात आकडा आहे तिच्यावर बिलाचे खापर फोडणे तितके सोपे राहत नाही.

दुसरी, भाडेकरणीला तिच्या वापराप्रमाणे पायरीचा दर मिळाला पाहिजे, आणि मीटर शक्य तिथे बाईच्या नावावर हवे. गॅसची जोडणी बाईच्या नावावर देता येते, हे २०१६ मध्ये उज्ज्वला सुरू झाल्यापासून सरकारने मान्यच केले आहे. मग विजेच्या मीटरचे काय घोडे अडले?

तिसरी, यंत्र एकेका घरात न आणता वस्तीत आणा. सार्वजनिक शौचालयांच्या शेजारी बायकांसाठी न्हाणीघरे, वर सौर बंब आणि पावसाळ्यासाठी हीट पंप. चाळीस घरांच्या रोज दोनशे बादल्या रॉडने तापवायला १०० युनिटे लागतात, हीट पंपाने ३३ च्या आसपास. युनिट अकरा रुपयांनी धरले तरी बादलीला दोन रुपयेसुद्धा पडत नाहीत. जो खर्च एका घराला नऊ वर्षांत फिटत नाही तो चाळीस घरांत वाटला तर हलका होतो. मात्र आतून लागणारी कडी, दिवा, रात्रीची वर्दळ आणि देखरेखीला वस्तीतल्याच बायकांना पगारी काम, हे नसेल तर ते न्हाणीघर बंद पडेल, हेही आधीच सांगून ठेवते. पुणे महापालिका सौर बंब बसवणाऱ्यांना मालमत्ता करात सवलत देते. घरमालकाला सवलत देता येते, तर वस्तीला न्हाणीघर का देता येऊ नये?

चौथी गोष्ट फुकट आहे आणि सर्वांत अवघड आहे. अंघोळीचा क्रम बदला. आठवड्यातून एक दिवस तरी पहिली गरम बादली तिची. आणि ते पातेले उतरवायचे त्याने.

आमच्या मैत्रिणीचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. पुढच्या आठवड्यात आम्ही तिघी तिच्या घरी गेलो. मारण्याबद्दल आधी बोललो, स्पष्ट बोललो, पुन्हा हात उचललास तर चौकीत भेटू असे सांगितले. मग बिल मागितले आणि त्याच्यापुढे जमिनीवर पसरून ८० आणि ७५ चा हिशेब खडूने लिहिला. तो बराच वेळ आकड्यांकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे माझी एक बादली पावणेसहा रुपयांची?"

सासू कोपऱ्यातून म्हणाली, "तुझी पावणेसहाची. तिची अजून तापलीच नाही."